भुवयांचे थ्रेडिंग

भुवयांचे थ्रेडिंग म्हणजे पीळ दिलेल्या सुती दोऱ्याच्या साहाय्याने भुवयांतील व भुवयांलगतचे नको असलेले केस मुळासकट उपटून भुवयांना आकार देण्याची पद्धत होय. बोलीभाषेत यास 'आयब्रो करणे' किंवा 'भुवया कोरणे' असे म्हणतात. ही पद्धत भारत, इराण, अरब देश, तुर्कस्तान व चीन येथे पूर्वापार प्रचलित असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्थलांतरित कुटुंबांमार्फत युरोप व अमेरिकेतही पोहोचली आहे.

या पद्धतीला दोरा, आरसा, लहान कात्री आणि थोडी पावडर यांपलीकडे साधन लागत नाही. त्यामुळे मराठवाड्यातील नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी अल्प भांडवलात घरच्या घरी चालणाऱ्या स्त्रियांच्या व्यवसायाचा हा एक आधार बनला आहे. मात्र याच साधेपणामुळे या कामावर बाह्य देखरेख जवळजवळ नसते. परिणामी थ्रेडिंग सुरक्षित होणे हे मुख्यतः दोन व्यक्तींवर अवलंबून राहते : दोरा धरणारी व्यक्ती आणि खुर्चीत बसलेली व्यक्ती. पहिल्यांदा थ्रेडिंग करून घेणाऱ्या व्यक्तीला या प्रक्रियेची पूर्वकल्पना असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

नाव व व्युत्पत्ती

मराठीतील 'भुवई' किंवा 'भिवई' हा शब्द संस्कृत 'भ्रू' या शब्दापासून आला आहे. फारसीत भुवईला 'अब्रू' म्हणतात, तर इंग्रजीतील 'आयब्रो' या शब्दाचा उत्तरार्ध 'ब्रो' हा आहे. भ्रू, अब्रू व ब्रो हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मूळ शब्दापासून निघालेले मानले जातात. मराठीत प्रतिष्ठा या अर्थाने वापरला जाणारा 'अब्रू' हा शब्द मात्र वेगळा असून तो 'चेहऱ्याचे पाणी' असा शब्दशः अर्थ असलेल्या फारसी 'आबरू' या शब्दापासून आला आहे.

'थ्रेडिंग' हा शब्द दोरा या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासून बनला आहे. अरबीत या पद्धतीला दोरा या अर्थाच्या 'खैत' या शब्दावरून नाव मिळाले असून इजिप्तमध्ये ती 'फतला' या नावाने ओळखली जाते. फारसीत तिला 'बंद अंदाजी' म्हणतात. पार्लरमध्ये केवळ 'थ्रेडिंग' म्हटले असता बहुधा भुवया अभिप्रेत असतात. ओठावरील, हनुवटीवरील व कपाळावरील केस काढण्यासाठी अनुक्रमे 'अप्पर लिप', 'चिन' व 'फोरहेड' असे शब्द रूढ आहेत.

पूर्वपीठिका

दोऱ्याने केस काढण्याच्या पद्धतीचा उगम नेमका कोणत्या प्रदेशात झाला याविषयी एकमत नाही. अनेक समाजांत ती विवाहाशी निगडित होती. इराणमध्ये अविवाहित मुलीने चेहऱ्यावरील केस न काढण्याची प्रथा होती. विवाहाच्या वेळी प्रथम चेहऱ्यावर दोरा फिरवला जाई व तो तिच्या गृहिणीपदात प्रवेश करण्याचा एक संकेत मानला जाई. चीनमध्ये वधूच्या चेहऱ्यावरील लव दोऱ्याने काढण्याच्या विधीला 'चेहरा उघडणे' या अर्थाचे नाव आहे.

भारतीय कलापरंपरेत भुवईच्या आकाराला विशेष महत्त्व दिलेले आढळते. चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतीय शिल्पातील शरीररचनेविषयी लिहिलेल्या १९१४ मधील पुस्तिकेत भुवईला कडुनिंबाच्या पानाची व धनुष्याची पारंपरिक उपमा दिली जात असल्याचे नमूद केले आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील स्त्रियांच्या भुवयाही कमानदार रेखाटलेल्या आहेत. मराठीतील 'कमानदार भुवया' हा शब्दप्रयोग याच कल्पनेशी जुळणारा आहे.

विसाव्या शतकात मुंबई व कोलकाता येथे चिनी वंशाच्या कुटुंबांनी चालवलेली ब्युटी पार्लर प्रसिद्ध होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहनाज हुसेन यांनी दिल्लीत वनौषधींवर आधारित सौंदर्योपचार केंद्र सुरू केले व पुढे प्रशिक्षणाचे कामही हाती घेतले. त्यानंतरच्या दशकांत पार्लरचा व्यवसाय महानगरांतून जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी पसरला. मराठवाड्यात विवाहापूर्वी हळद व उटणे लावण्याची परंपरा जुनी आहे. वधूच्या भुवया कोरणे हा या तयारीतील त्या मानाने अलीकडचा भाग होय.

दोऱ्याचे कार्य

थ्रेडिंगसाठी बारीक पण मजबूत सुती दोरा वापरतात. दोन ते अडीच फूट लांबीच्या दोऱ्याचे एक टोक दातांत किंवा मानेभोवती अडकवून उरलेला भाग दोन्ही हातांच्या बोटांत धरला जातो. मधल्या भागाला अनेक वेढ्यांचा पीळ दिला जातो, त्यामुळे पिळाच्या दोन्ही बाजूंना कात्रीच्या पात्यांसारखे फासे तयार होतात. एका बाजूची बोटे फाकवली की पीळ दुसऱ्या बाजूकडे सरकतो. सरकताना वाटेत आलेले केस पिळात पकडले जातात आणि त्वचेबाहेर ओढले जातात.

एका झटक्यात एक केस किंवा ओळीने अनेक केस निघू शकतात. सरळ ओळीत केस काढता येत असल्याने भुवईची कड रेखीव होते. दोरा त्वचेवर कोणत्या कोनातून टेकवला जातो, पीळ किती घट्ट आहे आणि केसांच्या वाढीची दिशा कोणती आहे यांवर कामाची सफाई ठरते. पीळ सैल असल्यास केस मुळापासून न निघता मध्येच तुटतात. त्वचा सैल राहिल्यास ती पिळात चिमटली जाऊन बारीक जखम होऊ शकते. म्हणूनच खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला भुवईच्या वरची व पापणीची त्वचा बोटांनी ताणून धरण्यास सांगितले जाते.

भुवईच्या केसांची वाढ

प्रत्येक केस त्वचेतील रोमकूपात वाढतो. केसाचे जीवनचक्र वाढीचा काळ, संक्रमणाचा काळ आणि विश्रांतीचा काळ अशा तीन अवस्थांचे असते. डोक्यावरील केसाचा वाढीचा काळ साधारणपणे दोन ते सहा वर्षांचा असतो, म्हणून तो लांब वाढू शकतो. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ मात्र एक ते दोन महिन्यांइतका अल्प असल्याने तो आखूडच राहतो.

थ्रेडिंगने केस निघाला तरी रोमकूप शाबूत राहतो, त्यामुळे नवा केस पुन्हा उगवतो. सर्व केस एकाच अवस्थेत नसल्याने ते एकाच वेळी परत येत नाहीत. काही केस दोन आठवड्यांत दिसू लागतात, तर आकार पूर्णपणे विस्कटण्यास साधारणपणे तीन ते सहा आठवडे लागतात. एखाद्या वेळी भुवई अपेक्षेपेक्षा बारीक झाली तर ती बहुधा काही आठवड्यांत भरून येते. तथापि वर्षानुवर्षे एकाच जागचे केस वारंवार उपटल्यास तेथील रोमकूप क्षीण होऊन भुवई कायमची विरळ होण्याची शक्यता असते.

पहिल्या वेळची प्रक्रिया

पूर्वतयारी

पहिल्या थ्रेडिंगपूर्वी तीन ते चार आठवडे भुवयांचे केस चिमट्याने किंवा वस्तऱ्याने काढलेले नसावेत. केस पुरेसे वाढलेले असल्यास भुवईचा नैसर्गिक आकार स्पष्ट दिसतो व त्यानुसार कड ठरवता येते. लग्न, साखरपुडा किंवा छायाचित्रणाचा प्रसंग असल्यास थ्रेडिंग त्याच दिवशी न करता एक-दोन दिवस आधी करणे सोयीचे असते, कारण त्वचेवरील लाली व सूज उतरण्यास अवधी मिळतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या आधी काढून ठेवाव्यात. डोळे आलेले असताना, भुवईजवळ फोड, जखम किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असताना थ्रेडिंग टाळावे.

आकार ठरवणे

भुवईचा आरंभ, कमान व शेवट ठरवण्यासाठी एक प्रचलित आडाखा वापरला जातो. नाकपुडीच्या बाजूपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ वर जाणारी रेषा जेथे भुवईला मिळते तेथे भुवईचा आरंभ मानतात. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाणारी तिरकी रेषा भुवईचा शेवट दाखवते. कमानीचा सर्वांत उंच भाग साधारणपणे बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या वर येतो. दोन्ही भुवया जन्मतःच तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे त्यांना सारखे करण्याच्या प्रयत्नात आलटून पालटून दोन्हींकडील केस काढत गेल्यास भुवया गरजेपेक्षा बारीक होण्याचा धोका असतो.

पहिल्या वेळी दोन भुवयांमधील आणि भुवईच्या खालच्या कडेचे विखुरलेले केस तेवढे काढणे हा सर्वांत सावध मार्ग समजला जातो. भुवई जाड ठेवायची की बारीक, कमान हवी की सरळ आकार हवा, हे दोरा लावण्यापूर्वी आरशात दाखवून सांगणे आवश्यक असते. दोरा फिरू लागल्यानंतर डोळे मिटलेले व दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे आकाराविषयी सूचना देण्याची खरी संधी त्याआधीच असते. एक भुवई पूर्ण झाल्यावर थांबवून आरसा मागणे हा खुर्चीतील व्यक्तीचा अधिकार आहे.

प्रत्यक्ष कृती

प्रथम भुवया पुसून त्यांवर थोडी टाल्कम पावडर लावली जाते. पावडरीमुळे घाम व तेल शोषले जाते आणि दोऱ्याची पकड चांगली बसते. नांदेड व लातूर येथे उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, त्या दिवसांत ही पायरी विशेष उपयुक्त ठरते. त्यानंतर भुवईची खालची कड, वरची कड आणि मधला भाग अशा क्रमाने किंवा कामाच्या सवयीनुसार अन्य क्रमाने केस काढले जातात. शेवटी लांब केस विंचरून कात्रीने छाटले जातात. दोन्ही भुवयांचे काम साधारणपणे पाच ते दहा मिनिटांत पूर्ण होते. पहिल्या वेळी केस अधिक असल्याने थोडा जास्त वेळ लागतो.

नंतरची काळजी

थ्रेडिंगनंतर थंड पाण्याचा किंवा स्वच्छ कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा हलका शेक दिल्यास जळजळ कमी होते. कोरफडीचा गर किंवा सुगंधविरहित सौम्य क्रीम लावले जाते. केस निघालेले रोमकूप काही तास उघडे असल्याने पहिला दिवसभर त्या जागी वारंवार हात लावणे, जाड मेकअप, तीव्र ऊन आणि घाम आणणारे श्रम टाळण्याचा सल्ला दिला जातो. लाली सामान्यतः काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकते. दोन-तीन दिवसांनंतरही लाली वाढत राहिली, पू असलेले फोड आले किंवा पापणी सुजली तर वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोगांवरील उपचार उपलब्ध आहेत.

वेदना, अश्रू व शिंक

थ्रेडिंगची वेदना तीक्ष्ण पण क्षणिक असते. मुंग्या एकापाठोपाठ एक चावल्यासारखे किंवा गरम वाळू उडाल्यासारखे तिचे वर्णन केले जाते. भुवईच्या खालच्या कडेची व नाकाच्या वरची त्वचा अधिक संवेदनशील असते. पहिल्या वेळी एकाच बैठकीत अधिक केस निघत असल्याने वेदना जास्त जाणवते, पुढील वेळी ती बहुधा कमी वाटते. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत वेदना अधिक जाणवत असल्याचा अनुभव अनेक स्त्रिया सांगतात.

चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेण्याचे काम पाचवी कर्पर चेता करते. तिला तीन शाखा असल्याने त्रिशाखी चेता असेही म्हणतात. भुवई व कपाळाच्या भागातील संवेदना तिच्या नेत्रशाखेतून जातात. नाक व डोळ्याच्या पृष्ठभागाच्या संवेदनाही याच चेतेशी जोडलेल्या असल्याने भुवईचा केस उपटताच डोळ्यांत पाणी येणे किंवा शिंक येणे ही प्रतिक्षिप्त क्रिया घडते. त्यामुळे थ्रेडिंग करताना आलेले अश्रू हे भित्रेपणाचे लक्षण नसून शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. शिंक येणार असल्यास हाताने खूण करून थांबवावे, अन्यथा डोके हलून त्वचा पिळात सापडण्याची शक्यता असते.

धोके

थ्रेडिंग सामान्यतः सुरक्षित मानले जाते, तथापि ते पूर्णतः निर्धोक नाही. केस उपटल्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जखमा होतात व त्यांतून जंतूंचा प्रवेश होऊ शकतो. वैद्यकीय नियतकालिकांत थ्रेडिंगनंतर पुढील तक्रारी उद्भवल्याच्या नोंदी आहेत :

• रोमकूपांचा दाह व पुरळ
• जिवाणूंमुळे होणारा, पाणीदार फोडांचा इम्पेटिगो हा संसर्ग
• विषाणूंमुळे होणारे चपटे चामखीळ
• मोलस्कम कंटेजिओसम या विषाणूचे मोत्यासारखे फोड
• दाहानंतर राहणारे काळसर डाग
• त्वचेत आतल्या आत वाढणारे केस
• थ्रेडिंगच्या रेषेवर उमटलेले कोडाचे पांढरे डाग

यांतील शेवटचा परिणाम ज्यांना कोड आहे किंवा होण्याची प्रवृत्ती आहे अशा व्यक्तींत दिसतो. कोड, सोरायसिस यांसारख्या काही विकारांत त्वचेला इजा झालेल्या जागी त्याच विकाराचे नवे चट्टे उमटतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइन्रिख कोब्नर यांच्या नावावरून यास कोब्नर परिणाम म्हणतात. अशा व्यक्तींनी पहिल्या थ्रेडिंगपूर्वी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे हिताचे असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉइड वर्गातील औषधे घेणाऱ्यांची त्वचा नाजूक झालेली असते, त्यांनाही हेच लागू होते. अनियंत्रित मधुमेह असलेल्यांत संसर्गाचा धोका अधिक असतो.

हनुवटीवर किंवा ओठावर अकस्मात जाड व काळे केस येऊ लागले आणि त्यासोबत मासिक पाळी अनियमित झाली तर केवळ थ्रेडिंग करत राहणे पुरेसे नसते. ते संप्रेरकांच्या असंतुलनाचे लक्षण असू शकते व त्यासाठी तपासणी आवश्यक असते.

स्वच्छता

संसर्गाचा संभव मुख्यतः तीन गोष्टींतून निर्माण होतो : दोरा, हात आणि अनेकांसाठी वापरला जाणारा टॉवेल. दोऱ्याचे टोक दातांत धरण्याची पद्धत वेगवान असली तरी तोंडातील लाळ दोऱ्यावाटे त्वचेपर्यंत पोहोचू शकते. टोक मानेभोवती अडकवून किंवा केवळ हातांनी दोरा चालवूनही तेच काम करता येते. स्वच्छतेच्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या मानल्या जातात :

• प्रत्येक व्यक्तीसाठी रिळातून नवा दोरा तोडणे व वापरानंतर तो टाकून देणे
• कामाआधी साबणाने हात धुणे
• कात्री व चिमटा निर्जंतुक करणे
• कपाळावर व डोक्याखाली स्वच्छ कापड किंवा कागदी रुमाल वापरणे
• पावडरीचा एकच पफ सर्वांच्या त्वचेवर न फिरवणे

नवा दोरा घेण्याची विनंती करणे हे अविश्वासाचे लक्षण समजले जाऊ नये. विशेषतः ओळखीच्या किंवा शेजारच्या ताईंकडे गेलेल्या मुलीला असे सांगण्याचा संकोच वाटतो. परंतु दोऱ्याचा खर्च अत्यल्प असल्याने ही काळजी घेण्यात कोणाचेही नुकसान नसते.

अन्य पद्धतींशी तुलना

चिमट्याने एकेक केस काढता येतो, त्यामुळे बारीक दुरुस्तीसाठी तो सोयीचा असतो, मात्र संपूर्ण आकार देण्यास वेळ लागतो. वॅक्सिंगमध्ये केसांसोबत त्वचेचा वरचा थरही ओढला जातो. पापणीजवळची त्वचा पातळ असल्याने तेथे भाजण्याचा किंवा साल निघण्याचा धोका असतो. थ्रेडिंगमध्ये उष्णता वा रसायन वापरले जात नाही व त्वचेचा थर ओढला जात नाही, हा त्याचा मुख्य लाभ आहे. वस्तऱ्याने केस केवळ पृष्ठभागावर कापले जातात व काही दिवसांतच पुन्हा दिसू लागतात. लेसरने केसांची वाढ दीर्घकाळ कमी करता येते, परंतु डोळ्याला इजा होण्याच्या शक्यतेमुळे भुवईच्या खालच्या भागात त्याचा वापर टाळला जातो.

नांदेड व लातूर येथील व्यवसाय

नांदेड हे गोदावरीकाठचे प्राचीन नगर असून लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नांदेड येथे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. 'लातूर पॅटर्न'मुळे प्रसिद्धीस आलेल्या लातूरमधील महाविद्यालयांत व शिकवणी वर्गांत शिकण्यासाठी आसपासच्या जिल्ह्यांतून विद्यार्थिनी येतात व वसतिगृहांत राहतात. अशा मुलींच्या बाबतीत थ्रेडिंगची पहिली वेळ घराबाहेर, मैत्रिणींच्या सोबतीने येण्याचा संभव असतो. 'लग्नाआधी भुवया कशाला कोरायच्या' हा घरातील प्रश्न आणि 'सगळ्याच करतात' हा वसतिगृहातील आग्रह या दोहोंच्या मध्ये हा निर्णय घेतला जातो. थ्रेडिंग करणे जितके ऐच्छिक आहे तितकेच ते न करणेही ऐच्छिक आहे, ही बाब या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

पुरुषांच्या केशकर्तनाचा व्यवसाय मराठवाड्यात परंपरेने नाभिक समाजाकडे राहिला आहे. स्त्रियांची पार्लर मात्र एका जातीपुरती मर्यादित नाहीत. घरातील पुढच्या खोलीत एक खुर्ची, आरसा व दिवा एवढ्या साहित्यावर काम सुरू करता येत असल्याने विविध समाजांतील स्त्रियांनी हा व्यवसाय स्वीकारला आहे. लग्नसराई व दिवाळीपूर्वीचे दिवस हे या व्यवसायाचे गर्दीचे दिवस असतात.

थ्रेडिंगचे शिक्षण बऱ्याचदा अनुभवी स्त्रीच्या हाताखाली होते. शिकणारी स्त्री प्रथम स्वतःच्या पायावरील किंवा गुडघ्यावरील केसांवर दोरा चालवण्याचा सराव करते. औपचारिक प्रशिक्षणासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या योजनेत कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. केंद्र शासनाच्या जन शिक्षण संस्थान योजनेतही सौंदर्योपचाराचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेतले जातात. या योजनेचा आरंभ १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ या नावाने झाला होता.

धार्मिक दृष्टिकोन

नांदेड येथे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये निर्वाण झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक असून शहरात दखनी शीख समाजाची जुनी वस्ती आहे. केश हे शीख धर्मातील पाच ककारांपैकी एक असल्याने अमृतधारी शीख स्त्री-पुरुष शरीरावरील कोणतेही केस काढत नाहीत व यात भुवयांचाही समावेश होतो.

याविषयी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० मे २००९ रोजी दिलेला निकाल प्रसिद्ध आहे. अमृतसर येथील एका वैद्यकीय महाविद्यालयात शीख अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थिनीला भुवया कोरल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारण्यात आला होता. केस न कापणे हे शीख धर्माचे मूलभूत अंग असल्याचे सांगून न्यायालयाने संस्थेचा निर्णय कायम ठेवला. हा निकाल त्या राज्यांतील कायद्याच्या संदर्भात होता. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्यानुसार चालतो. तरीही भुवईच्या काही केसांना किती मोठा अर्थ असू शकतो हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

इस्लाममध्ये भुवया उपटण्याच्या कृतीला 'नम्स' म्हणतात. हदीसच्या आधारे अनेक विद्वान ती निषिद्ध मानतात, तर काही विद्वान दोन भुवयांमधील केस काढण्यास किंवा विवाहित स्त्रीला काही मर्यादेत मुभा देतात. हिंदू धर्मात याविषयी सर्वमान्य असा निषेध नाही. दोरा चालवणाऱ्या स्त्रीने गिऱ्हाइकाला गृहीत न धरता आधी विचारणे म्हणूनच उचित ठरते.

नियमन

महाराष्ट्रात थ्रेडिंग करण्यासाठी स्वतंत्र परवाना परीक्षा नाही. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनांनी नोंदणीऐवजी व्यवसाय सुरू केल्याची सूचना देणे अपेक्षित असते. या तरतुदीचा संबंध दोऱ्याच्या स्वच्छतेशी नसतो.

कोविड-१९ च्या साथीत मात्र शासनाने या कामाची थेट दखल घेतली. मार्च २०२० पासून बंद असलेली केशकर्तनालये व ब्युटी पार्लर २८ जून २०२० पासून अटींसह उघडण्यास महाराष्ट्र शासनाने परवानगी दिली. केस कापणे, केस रंगवणे, वॅक्सिंग व थ्रेडिंग या निवडक सेवांना मुभा होती, त्वचेशी संबंधित अन्य सेवांना नव्हती. कर्मचाऱ्यांनी मास्क, हातमोजे व ॲप्रन वापरणे बंधनकारक होते. तोंडावर मास्क असताना दोरा दातांत धरणे शक्य नसल्याने या अटींचे पालन करताना मानेभोवती किंवा हातांनी दोरा चालवण्याचीच पद्धत वापरावी लागत असे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात याउलट परिस्थिती होती. तेथे थ्रेडिंग करणाऱ्यांना ७५० तासांचे प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवण्याची सक्ती होती. त्याविरुद्ध दक्षिण आशियाई वंशाच्या व्यावसायिकांसह काही जणांनी न्यायालयात दाद मागितली. त्या प्रशिक्षणातील सुमारे ३२० तास थ्रेडिंगच्या कामाशी संबंधित नसल्याचे राज्यानेही मान्य केले होते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी ही सक्ती राज्यघटनाविरोधी ठरवली. अतिरेकी नियमन आणि नियमनाचा अभाव या दोन टोकांमध्ये स्वच्छतेचे मोजके व सक्तीचे प्रशिक्षण हा मध्यम मार्ग सुचवला जातो.

प्रचलित गैरसमज

• थ्रेडिंगमुळे केस अधिक जाड येतात : केस मुळापासून निघत असल्याने नवा केस निमुळत्या टोकासह उगवतो. तो मुळात जाड होत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्याने तो खरखरीत भासतो, त्यावरून हा समज रूढ झाला असावा.
• थ्रेडिंगमुळे दृष्टी कमी होते : भुवईच्या केसांचा दृष्टीशी संबंध नाही. भुवयांचे कार्य कपाळावरचा घाम डोळ्यांत जाण्यापासून रोखणे आणि भाव व्यक्त करणे हे आहे.
• एकदा केल्यावर नेहमीच करावे लागते : थ्रेडिंग थांबवल्यास बहुधा काही आठवड्यांत भुवया पूर्ववत होतात.
• जितके जास्त दुखते तितके काम चांगले होते : अनावश्यक वेदना बहुधा सैल त्वचा, चुकीचा कोन किंवा झिजलेला दोरा यांमुळे होते.

हेही पाहा

• भुवई
• केस
• वॅक्सिंग
• कोड
• पाच ककार
• नांदेड
• लातूर